वाऱ्याचा वाटा

सोलापुरात बसून ज्या माणसानं सगळ्यात जास्त पाऊस मोजला, त्याच्याकडे छत्री नव्हती. आमच्याकडे छत्री लागते ती उन्हाला, आणि वेणीमाधव कासेगावकर उन्हातून जाताना डोक्यावर ऑफिसची फाईल धरायचे. फाईलवर लिहिलेलं असायचं, 'घाटमाथा, दैनिक पर्जन्य'. मला पहिली दोन वर्षं याचं हसू यायचं. पुढे येईनासं झालं.

मी सत्तर साली पाण्याच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. नदीवर मोठं धरण बांधायचं काम चाललं होतं आणि आमच्या खोलीत त्या कामाच्या कागदांखेरीज दुसरं काही नव्हतं. माझ्या टेबलाला टेबल लावून कासेगावकर बसायचे. चाळिशीचे, अंगानं किरकोळ, पांढरा सदरा, खिशाला शाईचा डाग. बोलणं इतकं हळू की पंखा चालू असला तर ऐकू यायचं नाही. पंखा मीच बंद करायचे, कारण ते जे सांगायचे ते मला आवडायचं. हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्यांचं काम असं. आमच्या नदीला पूर येतो तो आमच्या पावसानं येत नाही. तो येतो शंभर-सव्वाशे मैलांवरच्या सह्याद्रीतून. तिथं चार ठिकाणी पर्जन्यमापक बसवलेले होते. एक आंबेखोलला, कोकणाच्या बाजूच्या पायथ्याशी. दुसरा घाटाच्या उतारावर. तिसरा अगदी माथ्यावर, वाघजाईच्या देवळाजवळ. चौथा माथ्याच्या अलीकडे, पठारावर पिंपळसरला. सकाळी साडेआठला चारही ठिकाणची बाटली मापायची, आकडा पोलिसांच्या वायरलेसवरून सोलापूरला यायचा, आणि कासेगावकरांनी तो बघून सांगायचं की पाणी कधी येणार आणि किती. पाणी येणार म्हटलं की नदीच्या पात्रात काम करणारी हजारभर माणसं आणि पंप दीड दिवसाच्या आत वर काढायचे.

यात काय मोठंसं, आकडे बघायचे आणि सांगायचं, असं मला वाटायचं. मी तसं तोंडावर म्हटलंही. त्यावर त्यांनी रागावायला हवं होतं, पण त्यांनी भिंतीवरचा कागद दाखवला.

तो कागद म्हणजे त्यांचं देवघर होतं म्हणा ना. आलेखाच्या कागदाचे चार तुकडे जोडून त्यांनी डोंगराचा उभा छेद काढला होता. डावीकडे समुद्र, मग कोकणाची पट्टी, मग एकदम वर चढलेला घाट, माथा, आणि उजवीकडे उतरत गेलेलं पठार. डोंगराच्या रेघेवर निळ्या शाईनं उभे खांब, जिथं जेवढा पाऊस तेवढा उंच खांब. पायथ्याशी खांब कंबरेएवढा, उतारावर चढत चढत जाणारा, माथ्याच्या आसपास सगळ्यात उंच. माथा ओलांडला की पंचवीस-तीस मैलांत खांब गुडघ्यावर, मग घोट्यावर. आणि अगदी उजव्या टोकाला, जिथं कागद संपतो तिथं, नखाएवढी एक निळी रेघ. तिच्याखाली लिहिलेलं, 'आपण'.

ते म्हणायचे, ओली चादर पिळावी तसा डोंगर ढगाला पिळतो. ढग वर चढतो, गार होतो, गळतो. पलीकडे उतरेपर्यंत त्यात काही उरत नाही, आणि ती पिळलेली चादर आपल्या डोक्यावरून जाते. आपला पाऊस हा नव्हेच. आपला सप्टेंबरात येतो, दुपारच्या गडगडाटानं, इथल्या इथं तयार होऊन. जुलैचा पाऊस डोंगराचा.

बहात्तर साली हे त्यांनी एका माणसाला समजावून सांगितलं ते मी विसरले नाही. जुलै महिना होता आणि आकाश मे महिन्यातलं. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी. दुष्काळी कामावर नाव लावायला खेड्यापाड्यांतली माणसं आमच्या व्हरांड्यात दिवसदिवस बसून असायची. कासेगावकर मला आकडे सांगत होते आणि मी टाईप करत होते. माथा, दोनशे चौदा मिलिमीटर. दारातून कुंभारीचे कुंडलिक म्हणून एक वयस्क शेतकरी आत आले आणि विचारलं, हा पाऊस कुठला. घाटावरचा, म्हटल्यावर त्यांनी दारातून बाहेरच्या कोरड्या आभाळाकडे बघितलं.

"मग हितं का न्हाय?" ते म्हणाले.

दुसऱ्या कुणी कारकुनानं त्यांना बाहेर बसायला सांगितलं असतं. कासेगावकर त्यांना भिंतीपाशी घेऊन गेले आणि अर्धा तास बोलले. वाईट वर्षी डोंगरावरही कमी पडतो, पण डोंगराचा रुपयाचा बारा आणे होतो आणि आपला रुपयाचा चार आणे, हेही सांगितलं. कुंडलिकांनी त्या नखाएवढ्या रेघेवर बोट ठेवलं.

"म्हंजी आमी डोंगराच्या पाठीला हाव. त्यो तोंड फिरवत न्हाय तवर आमचं काय खरं न्हाय."

"मीपण पाठीलाच आहे," कासेगावकर म्हणाले. ते अशा आवाजात म्हणाले की मी टाईप करायची थांबले.

त्यांनी तो डोंगर कधी पाहिलेला नव्हता. सहासष्ट सालापासून ते त्याचा पाऊस मोजत होते आणि त्यांना तिथं एकदा उभं राहायचं होतं, पावसात. तेवढंच. घाटावर आमच्या खात्याचं एक लहान उपविभागीय ऑफिस होतं, तिथं मापकांवर देखरेख करणाऱ्याची जागा रिकामी पडलेली असायची. कुणी जायला तयार नसे. चार महिने ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतीला बुरशी. ही जागा मागणारे खात्यात एकटे कासेगावकर. दरवर्षी मार्चमध्ये अर्ज. दरवर्षी एप्रिलमध्ये शेरा, 'कामाची निकड पाहता सोडता येत नाही. पर्यायी व्यक्ती उपलब्ध नाही.' हा शेरा टाईप करायला माझ्याकडे यायचा, दोन कार्बन घालून.

मी एकदा चिडून म्हटलं, बदली नाही तर रजा काढा आणि बघून या. त्यांनी समजावलं की जून ते सप्टेंबर त्यांना एक दिवसही रजा मिळत नाही, कारण पाऊस असतो. ऑक्टोबरनंतर हवी तेवढी मिळते, कारण पाऊस नसतो. उन्हाळ्यात जाऊन मी काय दगड बघू, ते म्हणाले. माणूस कामात वाईट असता तर त्याला कुणीही कुठंही पाठवलं असतं. हा पडला चोख. कौतुक करकरून त्याचे पाय बांधले होते. त्यांच्या बायको एकदा हळदीकुंकवाला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ह्यांना डोंगराची आठवण माहेरासारखी येते, आणि ते माहेर ह्यांनी बघितलेलं नाही.

डोंगर त्यांना कळायचा तो पोस्टकार्डातून. माथ्यावरचा मापक बघणारा कोंडिबा ढेबे म्हणून गवळी धनगर होता. आकडा वायरलेसवर यायचा, पण खात्याचा नियम म्हणून तो आठवड्याचं कार्डही पाठवायचा, जाड पेन्सिलीनं लिहिलेलं. आकड्यांच्या खाली शेरा. 'वारा लई.' 'म्हस गारठून मेली.' 'पाऊस आडवा हाय, बाटलीत जाईना.' आणि बहुतेक कार्डांवर शेवटी, 'सायेब एकदा येवून जावा.' कासेगावकर ती कार्डं ड्रॉवरमध्ये वर्षवार बांधून ठेवायचे.

त्या 'आडवा हाय' मध्येच त्यांची सगळी विद्या होती. सोसाट्याचा वारा असला की माथ्यावर पाऊस खाली पडतच नाही, जमिनीला समांतर जातो. मापकाच्या तोंडावरून उडून जातो. बाटलीत एकशेतीस मिळाले तरी खरे पडलेले दोनशे असतात. उरलेले सत्तर वाऱ्यानं नेले. कासेगावकर त्याला 'वाऱ्याचा वाटा' म्हणायचे. आणि माथ्याचाच आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण पायथ्याचं नि उताराचं पाणी कोकणात जातं, माथ्याचं आणि अलीकडच्या खोऱ्यांचं पाणी आपल्याकडे उतरतं. म्हणजे जो आकडा सगळ्यात कामाचा तोच सगळ्यात खोटं बोलणारा. वायरलेसवर वारा कळत नाही. तो बाकीच्या आकड्यांवरून ओळखायचा. उतारावर दोनशेच्या वर आणि माथ्यावर दीडशेच्या आत असं दिसलं की समजायचं, वर वारा आहे, आणि वाटा धरायचा. किती धरायचा हे त्यांनी नऊ वर्षांच्या कार्डांवरून बसवलं होतं. खात्याच्या कुठल्याही पुस्तकात ते नव्हतं.

पंच्याहत्तर साली नवे साहेब आले. सरळ माणूस होता. अर्ज वाचून त्यांनी कासेगावकरांना बोलावलं आणि सांगितलं, तुमच्या जागी कुणाला तरी तयार करा, मी परीक्षा घेतो, पास झाला तर तुम्ही पुढच्या मे महिन्यात सुटलात.

कासेगावकर खोलीत परत आले ते हसत. पाच वर्षांत मी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले. त्यांनी आजूबाजूला नजर टाकली आणि विचारलं, "प्रभाताई, शिकता का?"

मी शिकले. फार मनापासून शिकले. त्या पावसाळ्यात रोज सकाळी आकडे आले की ते आधी मला विचारायचे आणि मग स्वतःचं उत्तर उघडायचे. जुलैत मी दहातली सात चुकायचे. सप्टेंबरात एखादं. हिवाळ्यात त्यांनी जुन्या कार्डांचे गठ्ठे सोडून मला वर्ष वर्ष सोडवायला दिलं. आमचा शिपाई निंगप्पा म्हणायचा, बाई आता डोंगराची सून झाली की. मला अभिमान वाटायचा. बी.ए. होऊन पाच वर्षं दुसऱ्याचे शब्द टाईप केल्यावर पहिल्यांदाच माझ्या डोक्याला कुणी काम दिलं होतं.

जानेवारीत माझं लग्न ठरलं. मुलगा अकलूजच्या शाळेत शिक्षक, लग्न मेच्या पहिल्या आठवड्यात. अकलूजला आमच्या खात्याचं ऑफिस होतंच. मी बदलीचा अर्ज लिहिला आणि मोठ्या हौसेनं साहेबांकडे नेला. त्यांनी तो वाचला आणि चष्मा काढून ठेवला. अहो, ते म्हणाले, तुम्ही तर कासेगावकरांची जागा घेणार आहात ना. ती जागा घेतलीत तर अकलूज विसरा. पर्यायी व्यक्ती कुठून आणू मी.

ते त्यांनी वाईट हेतूनं म्हटलं नाही. त्यांच्यापुढे नदी होती आणि पात्रात माणसं होती. पण मला ती वाक्यं पाठ होती. सहा वर्षं मीच तर टाईप करत आले होते. फक्त त्यात नाव बदलायचं होतं. मला कासेगावकरांची खुर्ची दिसली, तिच्या हातांवरचं उडालेलं पॉलिश दिसलं, आणि माझा नवरा दर शनिवारी एस.टी.नं येतोय आणि सोमवारी पहाटे जातोय हे दिसलं, पंधरा वर्षं. दार एकच होतं आणि आत आम्ही दोघं होतो.

हे मी कासेगावकरांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, तुम्ही जा. मग मला उपकार घेऊन जावं लागलं असतं, आणि माझा स्वभाव असा की मला त्यापेक्षा पाप सोपं वाटलं.

एप्रिलच्या नऊ तारखेला परीक्षा झाली. निंगप्पा येऊन म्हणाला, "बाई, सायेब बोलवायलेत की." आत साहेबांसमोर जुनं रजिस्टर होतं. कासेगावकर भिंतीला लागून उभे होते, हात मागे बांधून, मुलीच्या लग्नाच्या बैठकीत बाप उभा राहतो तसे. साहेबांनी तारीख झाकून चार आकडे वाचले. पायथा नव्वद. उतार दोनशे दहा. माथा एकशे तीस. पिंपळसर पंचवीस. सांगा, पाणी येणार का.

मला ते वाचता वाचताच उत्तर आलं. वर वारा. माथा खरा दोनशेच्या वर. दीड दिवसानं नदी दोन्ही काठ भरून. माणसं आजच वर काढा. जिभेवर होतं अगदी.

"माथ्यावर बेताचाच झालाय," मी लगेच म्हटलं. "मोठं पाणी यायची भीती नाही."

साहेबांनी रजिस्टरची पुढची ओळ बघितली. पूर आला होता, कासेगावकरांनी आदल्या दिवशीच माणसं वर काढली होती. साहेब म्हणाले, बाई, तुमच्या भरवशावर राहिलो असतो तर किती माणसं गेली असती, ठाऊक आहे का. मी मान खाली घातली. कासेगावकरांकडे बघायची माझी छाती झाली नाही. आम्ही दोघं आपापल्या टेबलावर येऊन बसलो आणि पंधरा मिनिटांनी निंगप्पा साहेबांचा कागद घेऊन आला, टाईप करायला. 'पर्यायी व्यक्ती तयार होऊ शकली नाही. सबब सोडता येत नाही.' मी दोन कार्बन घातले. त्या दिवशी माझी एकही चूक झाली नाही.

त्याच आठवड्यात माझी अकलूजची बदली मंजूर झाली. मी काय, कुणालाही चालणारी टायपिस्ट.

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी चिवडा-पेढे केले. निरोपाची भाषणं झाली. मी खण-नारळ पिशवीत ठेवत होते तेव्हा कासेगावकर माझ्या टेबलापाशी आले. सुखात राहा, म्हणाले. मग नेहमीच्या हळू आवाजात, पंखा चालू असूनही मला ऐकू आलं असं म्हणाले,

"ज्याला येत नाही, तो इतक्या लवकर चुकत नाही, प्रभाताई."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हातानं थांबवलं आणि ते परत खुर्चीत जाऊन बसले. त्यांना राग आलेला नव्हता. आला असता तर मी अकलूजला जाऊन सुखानं झोपले असते.

अठ्ठ्याहत्तरच्या जुलैत आमच्या यजमानांच्या मित्राची घाटाखालच्या गावी बदली झाली आणि त्यानं बोलावलं. मी वाघजाईच्या माथ्यावर जायचा हट्ट धरला. कारण विचारलं तर सांगता येईना. तीन तास चढून, इरल्याखाली भिजत, आम्ही सकाळी आठच्या सुमाराला वर पोचलो. तो पाऊस मला सांगता येत नाही. तो पडत नव्हता, जात होता. माझ्या डाव्या कानातून शिरून उजव्या कानातून निघाल्यासारखा जात होता. डोळे उघडले की मिटायचे. देवळाचा कळस पाच पावलांवरून दिसत नव्हता. सहा वर्षं मी ज्याला 'माथा' म्हणून टाईप केलं, तो हा.

कोंडिबा ढेबे घोंगडीत गुंडाळून मापकाजवळ बसला होता. मी सोलापूरच्या ऑफिसची म्हटल्यावर तो उठून उभा राहिला. साहेब आले का, म्हणून माझ्या पाठीमागं बघू लागला. धुक्यात काही दिसत नव्हतं तरी बघत राहिला. नाही आले, मी म्हटलं.

"बारा वरसं वाट बघतुया," तो म्हणाला. "कामच तसलं आसंल त्यांचं."

साडेआठला त्यानं बाटली काढली. एकशे चाळीस. मी वाऱ्यात उभी राहून तोंडानं, हातानं तो वारा मोजला आणि देवळाच्या आडोशाला बसून पोस्टकार्ड लिहिलं. मायना, दिनांक, आणि, 'माथा, बाटलीत १४०. वाऱ्याचा वाटा धरून २२०. मोठं पाणी येईल.' बाकी लिहायचं पुष्कळ होतं. ते कार्डावर मावलं नसतं, आणि ज्याला दाखवायचं त्याला सोडून मीच तिथं उभी होते, ते कुठल्या तोंडानं लिहू.

कार्ड पोचेपर्यंत पाणी येऊन गेलेलं असणार हे मला माहीत होतं. दहा-बारा दिवसांनी अकलूजला उत्तर आलं. तीच किरटी, निळ्या शाईची अक्षरं.

'सौ. प्रभाताईंस, स. न. वि. वि. कार्ड पावले. त्या दिवशी मीही २२० च धरले होते. नदी दीड दिवसाने आली, माणसे वेळेवर वर निघाली. तुम्ही तिथे उभे राहून काढलेत, मी इथे बसून. उत्तर एकच आले. कोंडिबास मी येणार म्हणून सांगितले नाहीत ना? सांगू नये. ता. क. ९ एप्रिल १९७६ चा निकाल माझ्यापुरता दुरुस्त केला आहे. उत्तीर्ण. साहेबांस कळवीत नाही, नाहीतर ते तुम्हांस परत बोलावतील.'

मी ते कार्ड तीनदा वाचलं आणि चुलीवरचं दूध उतू गेलं. यंदा एकोणऐंशी. मार्चमध्ये त्यांनी पुन्हा अर्ज केला असं निंगप्पाकडून कळलं. एप्रिलमध्ये शेरा झाला असणार. आता तो दुसरी कुणी मुलगी टाईप करते.